‘फार्मवर सोडला’ म्हणजे कोणाच्या दारात?

शहरातल्या फ्लॅटमध्ये कुत्रा डोईजड झाला, की त्यासाठी एक सोयीचे वाक्य तयार असते: ‘त्याला फार्मवर सोडला, मोकळ्या हवेत मजेत आहे.’ ऐकणाऱ्यालाही हायसे वाटते आणि विषय तिथेच मिटतो. हा फार्म नेमका कोणाचा, तिथे त्याला रोज खायला कोण घालते, तो आजारी पडला तर दवाखान्यात कोण नेते, हे सहसा कुणी विचारत नाही. अशा वेळी शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे जे ठिकाण उभे राहते, ते बहुधा पवनानगरसारखे असते. मावळातले हे बाजाराचे गाव पवना धरणालगत आहे. कामशेतवरून आत वळले किंवा लोणावळ्याहून दुधिवरे खिंड ओलांडली की इथे येता येते. समोर जलाशयाचा फुगवटा, भोवती लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग, काठाने बंगले, फार्महाऊस आणि तंबूंच्या रांगा. शनिवार-रविवारी गाड्यांना उभे राहायला जागा नसते, मंगळवारी सगळीकडे सामसूम. पाळलेला प्राणी सोडून देताना मनाला लागू नये, अशीच ही जागा आहे. त्या प्राण्याला मात्र इथे तग धरणे फार कठीण जाते. या लेखाचे म्हणणे साधे आहे. टाकून दिलेल्या आणि जखमी प्राण्यांना वाचवण्याचे काम दयेपोटी सुरू होते, पण टिकते ते जबाबदारीच्या नोंदीवर. जनावराचा धनी कोण, हे कागदावर ठरले की निम्मा बचाव तिथेच झालेला असतो. ते ठरत नाही तोवर शहर आपले ओझे गावाच्या दारात ठेवत राहते.

‘कुत्रा काय, कुठेही जगतो’ ही समजूत भटक्या कुत्र्याकडे पाहून झालेली आहे. गावठी कुत्रा जगतो, कारण त्याला हद्द असते. कोणत्या घरी सकाळी शिळी भाकरी मिळते, हॉटेलच्या मागे उष्टे कधी पडते, कोणत्या गल्लीत पाऊल टाकायचे नाही, हे तो पिल्लू असल्यापासून आईच्या मागे फिरून शिकलेला असतो. सोफ्यावर वाढलेल्या लॅब्रॅडॉरला यातले काहीच येत नाही. त्याला जिथे गाडीतून उतरवले तिथेच तो घुटमळतो, थांबणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराशी जातो आणि दुसऱ्या टोळीच्या हद्दीत शिरल्याबद्दल चावे खातो. दाट केसांचा हस्की असेल, तर लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला जो चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात त्याचे अंग वाळतच नाही आणि कातडी चिघळते. पर्शियन मांजराच्या केसांची निगा थांबली, की काही आठवड्यांत अंगावर घट्ट जटा होतात आणि त्याखाली जखमा. शिवाय या डोंगरात बिबट्या आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. अकोले म्हणजे मावळ नव्हे. पण मोकाट कुत्री जिथे वाढतात तिथे बिबट्याला वस्तीजवळ पोट भरण्याची सोय होते, हा धडा सह्याद्रीतल्या कोणत्याही गावाला लागू आहे. मोकळी हवा ज्याला म्हणायचे, ती ही अशी असते.

टाकलेल्या कुत्र्यांत वारंवार दिसणारी एक जखम जरा जवळून पाहण्यासारखी आहे. चार-सहा महिन्यांच्या पिल्लाच्या गळ्यात नायलॉनचा पट्टा घातलेला असतो. पिल्लू वाढते, पट्टा सैल करणारे कुणी उरलेले नसते. पट्टा आधी केस खातो, मग कातडी कापतो आणि शेवटी मांसात रुतून बसतो. वरून केसांआड काही दिसत नाही, फक्त घाण वास येतो. पावसाळ्यात अशा ओल्या जखमेवर माशी अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. गळा, कानामागचा भाग, शेपटीचे बूड, म्हणजे कुत्र्याची जीभ जिथे पोचत नाही तिथे हे हटकून होते. उपचार किळसवाणा वाटला तरी अवघड नाही. तोंडाला मुसके बांधायचे किंवा डॉक्टरांनी भूल द्यायची, पट्टा कापायचा, भोवतीचे केस भादरायचे, टर्पेंटाइनचा बोळा धरला की वर येणाऱ्या अळ्या चिमट्याने वेचायच्या, सलाईनने जखम धुवायची, मलम किंवा फवारा मारायचा आणि हे रोज करायचे. दोन-तीन आठवड्यांत लालसर मांस भरून येते. गोचिडांमुळे होणारा ताप, खरूज, मादी-नरात पसरणारा जननेंद्रियाचा ट्यूमर, यांचेही तेच. हा ट्यूमर दिसायला भयंकर, पण व्हिन्क्रिस्टिनची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शने दिली की बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. अडते ते औषधापाशी नाही. ठरलेल्या दिवशी कुत्र्याला धरून आणणारा माणूस लागतो, आणि सोडून दिलेल्या कुत्र्याकडे नेमका तोच नसतो.

त्यात उपचारांची व्यवस्थाही अशा प्राण्यांसाठी उभारलेली नाही. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने गाय, म्हैस, शेळी आणि बैल यांच्यासाठी आहेत, आणि ते योग्यही आहे, कारण शेतकऱ्याचा संसार त्यांच्यावर चालतो. १९६२ या क्रमांकावर येणारे फिरते पथकही मुख्यतः पशुधनाचे. कुत्र्याचा मोडलेला पाय एक्स-रे काढून सळईने जोडायचा, तर पवनानगरहून तळेगाव, पिंपरी-चिंचवड किंवा पुणे गाठावे लागते. पुण्यात २००७ साली नेहा पंचमिया यांनी सुरू केलेल्या रेस्क्यू या संस्थेने जखमी प्राण्यांवर शास्त्रशुद्ध उपचारांची घडी बसवली. पुढे वन विभागाच्या साथीने वन्यप्राण्यांसाठीही काम उभे केले. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांना दाखल करून घेत आले आहे. मात्र घाटातल्या वळणावर गाडीने उडवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत पहिला तास सांभाळायचा असतो तो तिथे हजर असलेल्या माणसालाच. वेदनेने कळवळणारा कुत्रा चावतो, म्हणून आधी ओढणीने किंवा बँडेजने त्याचे तोंड सैलसर बांधावे. श्वास लागला असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नये. पाठीचा कणा हलू नये म्हणून फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर उचलावे. घरातली वेदनाशामक गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एवढी माहिती गावातल्या दहा तरुणांना असली, तरी पुढच्या दवाखान्याचे काम सोपे होते.

प्राणी टाकून देणे हा गुन्हा आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या अकराव्या कलमानुसार, उपासमारीने किंवा तहानेने यातना होतील अशा स्थितीत सबळ कारण नसताना प्राण्याला टाकून देणे ही क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. त्या काळी ही रक्कम जाणवण्याजोगी होती. आज तिची धास्ती कुणाला वाटणार? भारतीय न्याय संहितेचे ३२५ वे कलम प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंतची शिक्षा सांगते, पण निव्वळ सोडून देणारा त्यात सापडत नाही. केंद्राने २०२२ मध्ये दंड वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. मात्र दंड पन्नासचा पन्नास हजार केला तरी खरी अडचण जागच्या जागी राहते. गुन्हा सिद्ध करायचा तर हा कुत्रा कोणाचा होता, हे आधी सिद्ध करावे लागते. जुनी मोटारसायकल विकताना आपण आरटीओत नाव बदलून घेतो, कारण उद्या तिने कुणाला ठोकले तर पोलीस आपल्या दारात येतील ही भीती असते. जिवंत जनावर मात्र हातोहात, बिनकागदी फिरते, म्हणून त्याला रस्त्यावर सोडणाऱ्याला कसलीच भीती नसते.

कायद्यातली दुसरी फट याहून बारीक आहे. भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. त्यानुसार स्थानिक संस्थेने, म्हणजे महापालिका-नगरपालिकांबरोबर ग्रामपंचायतीनेही, कुत्री पकडून त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करायचे आणि त्यांना जिथून उचलले तिथेच परत सोडायचे. भटक्या कुत्र्याच्या बाबतीत हे शहाणपणाचे आहे, कारण त्याने राखलेली हद्द रिकामी झाली की तिथे नवी, लस न टोचलेली कुत्री येतात. पाळीव कुत्र्याची जबाबदारी हेच नियम मालकावर टाकतात. आता या दोहोंच्या मध्ये जो पडतो, त्याचे काय? काल पाळीव असलेल्या आणि आज रस्त्यावर आलेल्या कुत्र्याला नियमाप्रमाणे ‘जिथून उचलले तिथे’ नेऊन सोडणे म्हणजे त्याला पुन्हा एकदा टाकून देणेच झाले. म्हणून अशा प्राण्याचे पुनर्वसन हे भटक्या कुत्र्यांच्या नियंत्रणापेक्षा वेगळे काम आहे. त्याला नवे घर मिळाले पाहिजे, आणि त्याआधी तो खरोखर टाकलेला आहे की हरवलेला, हे ठरले पाहिजे. दिवाळीच्या फटाक्यांना किंवा ढगांच्या गडगडाटाला भिऊन फार्महाऊसवरून पळालेला कुत्रा दोन दिवसांत टाकून दिल्यासारखाच दिसू लागतो.

जाणते कार्यकर्ते त्यामुळे कुत्रा उचलल्याबरोबर ‘कुणी ठेवून घेईल का?’ असा संदेश फिरवत नाहीत. आधी दवाखान्यात चिप-वाचकाने तपासतात. मायक्रोचिप ही तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली बसवतात आणि तिच्यात फक्त पंधरा आकडी क्रमांक असतो. ती कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही. तो कोणाचा, हे सांगते, तेही मालकाने नोंद ताजी ठेवली असेल तरच. ब्रिटनमध्ये २०१६ पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये प्रत्येक कुत्र्याला ती सक्तीची झाली. आपल्याकडे २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी ब्रीडरकडच्या कुत्र्यांना चिप, ब्रीडरची नोंदणी आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास मनाई, एवढे कागदावर आणले; प्रत्यक्षात घरी येणाऱ्या बहुतेक पिल्लांच्या मानेत काही नसते. मग उरतो गावचा मार्ग: फोटो काढायचा, बाजारात, दूध संकलन केंद्रावर, कॅम्पवाल्यांच्या आणि फार्महाऊसच्या वॉचमन मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांत टाकायचा, पोलीस ठाण्यात कळवायचे आणि एखादी खूण मुद्दाम लपवून ठेवायची. पोटावरचा पांढरा ठिपका किंवा तुटलेला सुळा जो बिनचूक सांगेल, तोच मालक. ही खबरदारी नसेल, तर महागड्या जातीचा कुत्रा ‘माझाच’ म्हणून उचलून नेणारे आणि नंतर त्याच्यावर पिल्ले काढणारेही पुढे येतात.

मालक सापडला नाही की नवे घर शोधायचे, आणि या टप्प्यावर घाई सर्वांत महागात पडते. नीट चालणाऱ्या संस्थांची पद्धत साधारण सारखी असते. आधी काही दिवस प्राण्याला इतरांपासून वेगळे ठेवतात, कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणू अंगात असूनही सुरुवातीला लक्षणे दिसत नाहीत. मग जंतनाशक, अँटी-रेबीज आणि इतर आजारांची लस, निर्बीजीकरण. त्यानंतर एखाद्या कुटुंबात तात्पुरता मुक्काम, ज्याला सगळे ‘फोस्टर’ म्हणतात. तो लहान मुलांशी, मांजराशी, लिफ्टशी, एकटे राहण्याशी कसा वागतो, हे तिथे कळते. पिंजऱ्यात ते कधीच कळत नाही. मग दत्तक घेऊ पाहणाऱ्यांशी बोलणे, घर पाहणे, ओळखपत्राची प्रत, सही केलेला करार, आणि नंतर अधूनमधून विचारपूस. करारातली दोन कलमे कळीची असतात: परवानगीशिवाय प्राणी तिसऱ्याला द्यायचा नाही, आणि सांभाळणे अशक्य झाले तर तो संस्थेकडेच परत आणायचा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक द्यायला मुभा दिली, तेव्हा तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. म्हणजे न्यायालयाच्या लेखीही दत्तक घेणे म्हणजे जबाबदारीचा रीतसर स्वीकार आहे.

यावर पहिला आक्षेप खुद्द प्राणिप्रेमींकडूनच येतो. घर देणारे आधीच थोडे. त्यांना इतक्या चौकशा केल्या, तर आलेली माणसेही परत जातील. चौकशीने माणसे गळतात, हे खरेच आहे. पण गळतात कोण, हेही पाहायला हवे. दत्तक घेतलेला कुत्रा नव्या घरात रुळायला वेळ घेतो. पहिले तीन दिवस तो बावरलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घराची रीत समजते आणि तीन महिन्यांत ते घर त्याला आपले वाटू लागते, असा या कामातला ढोबळ अनुभव आहे. पहिल्याच आठवड्यात त्याने सतरंजी ओली केली, चप्पल फाडली, रात्रभर केकाटला, तर जो माणूस ओळखपत्राची प्रत द्यायलाही कुरकुरत होता, तो किती धीर धरेल? आठवड्याभरात परत आलेला कुत्रा पहिल्यापेक्षा अवघड होतो, कारण त्याच्या वागण्यात भीती मुरते आणि तिसरे घर शोधणे दुसऱ्यापेक्षा कठीण जाते. चौकशी अपमान वाटेल अशा भाषेत नसावी, भाड्याच्या घरात राहणाऱ्याला किंवा वस्तीतल्या कुटुंबाला सरसकट नकार देणारी तर मुळीच नसावी. झोपडीत सावलीला बांधलेला, वेळेवर जेवणारा कुत्रा हा बंगल्याच्या गेटला साखळीने जखडलेल्या कुत्र्यापेक्षा सुखी असतो. तपासायचे असते ते कुटुंबाचे उत्पन्न नाही. घरातल्या प्रत्येकाची तयारी आहे का, आणि गावाला जाताना याचे काय करणार, एवढेच.

दुसरा आक्षेप प्रशासकीय थाटाचा: मोठे निवारागृह बांधा, सगळे प्राणी तिथे नेऊन ठेवा, प्रश्न संपला. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२.७६ लाख भटकी कुत्री मोजली गेली. इतक्यांसाठी निवारा बांधणे कुणालाच शक्य नाही. पण फक्त टाकलेल्या पाळीव प्राण्यांसाठी म्हटले तरी नुसत्या निवाऱ्याचे गणित चुकते. जिथे प्राणी ठेवून घेतात अशी बातमी पसरते, तिथल्या फाटकाला सकाळी पिल्लांची खोकी बांधलेली सापडतात. आत येणारे बाहेर जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाले की दाटी होते, दाटीत डिस्टेंपर घुसला की खोलीभर पिल्ले मरतात आणि खर्च देणगीच्या पुढे धावतो. लंडनमध्ये १८६० साली मेरी टील्बी यांनी हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी काढलेले घर पुढे बॅटर्सी म्हणून जगप्रसिद्ध झाले. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी त्याची गरज संपलेली नाही. निवारा हा उपचाराचा आणि थांब्याचा मुक्काम असावा. तो शेवटचा पत्ता झाला, की सोडून देणाऱ्याला आणखी एक सोयीची जागा मिळते. उलट टोकाचा उपाय, म्हणजे मारून टाकणे, मुंबईने फार पूर्वी करून पाहिला. कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून १८३२ मध्ये तिथे पारशी रस्त्यावर उतरले होते. त्यानंतरही दीड शतक कुत्री मारली गेली आणि मुंबईतली कुत्री संपली नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो पवनानगरच्या मातीतूनच येतो. पवना धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतल्या अनेक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धे शतक उलटले तरी लोंबकळत आहे. धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते. बंद जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. जिथे माणसांचे पुनर्वसन झाले नाही, तिथे कुत्र्या-मांजरांच्या पुनर्वसनाच्या गप्पा कशाला, असे इथल्या कुणी विचारले तर त्यात दुखावलेपण आहे आणि ते रास्त आहे. मात्र नीट पाहिले तर हा आक्षेप सोडणाऱ्यावर उलटतो. सोयी शहराकडे आणि भार गावाकडे, हीच तक्रार इथेही आहे. टाकलेला कुत्रा भुकेने शेळीच्या करडावर जातो तेव्हा नुकसान ठाकुरसाई किंवा शिळिंबच्या गुराख्याचे होते. तो चावतो तेव्हा शाळेतले पोर प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजच्या इंजेक्शनांसाठी खेपा घालते. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की मृत्यू जवळपास अटळ असतो. चावा बसताच जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि लगेच लस घेणे, हाच पहिला बचाव हातात असतो. गोव्याने गेल्या दशकात ‘मिशन रेबीज’ या संस्थेबरोबर घरोघर, रस्तोरस्ती कुत्र्यांचे लसीकरण केले आणि २०२१ मध्ये ते रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालेले देशातले पहिले राज्य ठरले. तिथे कुत्र्यांना टोचलेल्या सुईने वाचली ती माणसे. जबाबदारीची नोंद मागणे हा म्हणूनच कुत्र्यांवर उपकार नाही. गावाने शहराकडे मागायचा तो हिशेब आहे.

चौथा आक्षेप सोडणाऱ्याच्या बाजूने आहे आणि तोही ऐकून घ्यायला हवा. सगळेच निर्दय नसतात. म्हातारा मालक दवाखान्यात जातो, नोकरीची बदली होते, बाळाला दम्याचा त्रास होतो, घरमालक नोटीस देतो. त्यातली काही कारणे खरी नसून ऐकीव असतात. कोणत्याही गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. २०२० च्या वसंतात प्राण्यांमुळे कोरोना होतो, या अफवेवर लोक प्राणी सोडू लागले तेव्हाही मंडळाला सूचना काढावी लागली होती. पण कारण खरे असेल, तर ज्याला सांभाळणे जमत नाही त्याला अपराध्यासारखे वागवून उपयोग नाही. त्याला लाज वाटेल अशी व्यवस्था केली, की तो रात्री गाडी काढून घाटात जाईल. उलट ‘मला जमत नाही’ असे उघड सांगता यावे, घर मिळेपर्यंत कुत्रा त्याच्याकडेच राहावा, लसीचे कार्ड, सवयी, आजार यांची माहिती नव्या घराला मिळावी आणि त्याने खर्चाचा वाटा उचलावा, हे दोघांच्याही हिताचे. दंड असावा तो गुपचूप टाकणाऱ्याला. सांगून सोपवणाऱ्याला नव्हे.

राहता राहिला प्रश्न पवनेच्या काठचाच. बाहेरून आणून सोडलेली कुत्री हा भाराचा एक भाग. दुसरा भाग इथेच तयार होतो. फार्महाऊसच्या राखणीला पिल्लू आणतात, मालक शनिवारी येतो, वॉचमन बदलला की नव्याला जुन्या कुत्र्याशी देणेघेणे नसते. तंबूच्या मुक्कामांवर पावसाळ्याच्या आणि थंडीच्या हंगामात उरलेल्या चिकनवर कुत्री पोसली जातात, हंगाम उतरला की उपाशी. मादी सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत माजावर येते, साधारण ६३ दिवसांत विते आणि वर्षातून दोनदाही विऊ शकते. म्हणजे निर्बीजीकरण न केलेली एक राखणदार कुत्री दोन वर्षांत अख्ख्या वाडीचा प्रश्न होऊन बसते. यावर उपाय करायला मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीने फार्महाऊस आणि कॅम्प चालवणाऱ्यांकडून दरवर्षी प्राण्यांची यादी घ्यावी: किती, कोणते, लस कधी, निर्बीजीकरण झाले का, आणि मालकाचा फोन. वॉचमनचा नव्हे, मालकाचा. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास पुण्यातल्या एखाद्या संस्थेला बोलावून दोन दिवसांचे शिबिर घ्यावे आणि लस टोचलेल्या प्रत्येकाची नोंद त्याच वहीत करावी. नवा अनोळखी कुत्रा दिसला, की तो यादीत आहे का हे पाहून हरवलेला की टाकलेला ते एका संध्याकाळात ठरू शकते. टाकलेला निघाला, तर फोटो, गाडीचा क्रमांक कुणी पाहिला असल्यास तो, आणि पोलिसांत लेखी तक्रार. दंड किरकोळ असला तरी नाव नोंदले जाते, आणि अशा तक्रारी साचल्या तरच कायदा बदलायला पुरावा मिळतो. पोपट किंवा स्टार कासव असा प्राणी कुणी सोडला, तर तो वन्यजीव कायद्याचा विषय. तिथे वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवायचे. शोभेच्या टाकीतली लाल पट्टीची परदेशी कासवे मात्र कुणालाही जलाशयात सोडू देऊ नयेत, कारण ती देशी कासवांचे अन्न आणि जागा दोन्ही बळकावतात.

शहरातल्या वाचकाच्या वाट्यालाही काम आहे, आणि ते कुत्रा आणण्याआधीचे आहे. हा प्राणी दहा ते पंधरा वर्षे जगणार, त्या काळात घर बदलेल, नोकरी बदलेल, मुले परगावी जातील. तेव्हा त्याची जबाबदारी कोण घेणार, हे नाव आधी ठरवावे आणि लसीच्या कार्डावर लिहून ठेवावे. आणला तर चिप बसवावी आणि फोन बदलला की नोंद बदलावी. ज्यांना एवढे नको, त्यांनी फोस्टर व्हावे, उपचाराचे बिल भरावे किंवा आणूच नये. तेही प्रामाणिकपणाचेच आहे. जखमी जनावर पाहून गाडी थांबवणारी, भाकरीचा तुकडा टाकणारी, ओल्या पोत्यावर पिल्लू उचलून आणणारी माणसे मावळात कधीच कमी नव्हती. कमी आहे ती नोंदवही, आणि ती सुरू करायला ना मंत्रालयाचा आदेश लागतो, ना देणगीदार. ग्रामसभेत एक ठराव आणि तो पाळायची शिस्त पुरते.